अब्बांच्या सीडीतल्या ‘पॉट’ फायली

अब्बांच्या इंतकालानंतर दीड वर्षानं त्यांचं लोखंडी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात पेन्शनची कागदपत्रं, मधल्या कप्प्यात उर्दू मासिकांचे गठ्ठे आणि सगळ्यात खाली बिस्किटाच्या डब्यात अकरा सीड्या. प्रत्येकीवर मार्करनं तारीख आणि विषय लिहिलेला. मी त्या भंगारात टाकणार होतो. अम्मी म्हणाली, “अब्बा के हात का काम है, फेको नक्को.” त्या एका वाक्यामुळे पुढचं सगळं घडलं.

अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवायचे. १९९९ ते २००४ या काळात ते आसपासच्या गावांत व्याख्यानं द्यायचे. विषय ठरलेले असत. मराठीतले मुसलमान संतकवी, दख्खनी भाषा आणि आपल्या तालुक्यातल्या जुन्या वास्तू. श्रीगोंद्याचे शेख महंमद हा त्यांचा सर्वांत आवडता विषय. ‘योगसंग्राम’ लिहिणारा हा कवी वारकऱ्यांना आपला वाटला, पण आपल्याच मोहल्ल्यातल्या पोरांना त्याचं नाव ठाऊक नाही, ही त्यांची कायमची खंत होती. पुढं शाळेत संगणक आला. पन्नाशी उलटलेला हा माणूस उन्हाळ्याच्या सुट्टीत माऊस धरायला शिकला आणि त्यानं आपली व्याख्यानं पॉवरपॉइंटमध्ये उतरवली.

त्या अकरापैकी नऊ सीड्या वाचल्या गेल्या. आत फोटो होते, काही पत्रं होती आणि ३४ फायली अशा होत्या, ज्यांच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन ‘पॉट’ ही तीन अक्षरं होती. पॉवरपॉइंटची नेहमीची फाइल ‘पीपीटी’ असते. ही ‘पॉट’ म्हणजे टेम्प्लेट, मराठीत साचा. व्याख्यान साच्यात कशाला ठेवायचं, हे मला आधी कळेना. मग अब्बांची युक्ती लक्षात आली. साध्या फाइलवर काम करून चुकून सेव्ह केलं की मूळ पुसलं जातं. साच्याची फाइल उघडली की तिची बिननावाची नवी प्रत समोर येते आणि मूळ तसंच राहतं. एका गावासाठी दोन स्लाइड कमी करा, दुसऱ्या गावासाठी चार वाढवा, मूळ व्याख्यानाला धक्का नाही. वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावरचं पुसलेलं पाहिलेल्या माणसाची ही खबरदारी होती.

पण मी फाइल उघडली तेव्हा पडद्यावर मराठीचा एकही शब्द नव्हता. इंग्रजी अक्षरं, पाउंडाची खूण, उलटं प्रश्नचिन्ह, मध्येच तुटक कंस. पार्श्वभूमी तीच हिरवी, अब्बांच्या आवडीची. फोटो जागच्या जागी. मजकूर मात्र कुणीतरी शाप दिल्यासारखा.

साचा आला कुठून

पॉवरपॉइंटचा जन्म मायक्रोसॉफ्टमध्ये झालेला नाही, हे मला या निमित्तानं कळलं. कॅलिफोर्नियातल्या फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स यांनी ही कल्पना मांडली. डेनिस ऑस्टिन आणि टॉम रुडकिन यांनी ती प्रत्यक्षात आणली. सुरुवातीचं नाव होतं ‘प्रेझेंटर’. १९८७ साली ‘पॉवरपॉइंट’ या नावानं पहिली आवृत्ती बाहेर आली, तीही ॲपलच्या मॅकिंटॉशसाठी आणि काळ्या-पांढऱ्या रंगात. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतली. विंडोजवरची आवृत्ती १९९० मध्ये आली.

तेव्हा सभागृहात संगणक आणि प्रोजेक्टर नसत. पॉवरपॉइंटमध्ये पान तयार करायचं, ते पारदर्शक प्लास्टिकवर छापायचं आणि ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या काचेवर ठेवायचं, असा उपयोग होता. नंतर ३५ मिलिमीटरच्या रंगीत स्लाइडची सोय झाली. आजही आपण ‘स्लाइड’ म्हणतो ते त्या फिल्मच्या तुकड्यामुळे. जुन्या फाइलमधलं पान १० इंच रुंद आणि साडेसात इंच उंच, म्हणजे ४ ला ३ या प्रमाणात असतं, कारण तेव्हाचे पडदे त्याच मापाचे होते.

साच्याची गरज मोठ्या कचेऱ्यांतून आली. दहा माणसांनी दहा प्रकारची पानं बनवू नयेत, रंग, अक्षराचा आकार, बोधचिन्हाची जागा एकच राहावी, यासाठी ‘मास्टर’ पान ठरवायचं आणि ते साच्यात ठेवायचं. पॉवरपॉइंट ९७ पासून २००३ पर्यंतच्या आवृत्त्यांनी एकच अंतर्गत रचना वापरली. बाहेरून ती एक फाइल दिसते, पण आत छोटे छोटे कप्पे असतात. एका कप्प्यात स्लाइडचा मजकूर आणि मांडणी, दुसऱ्यात चित्रं, तिसऱ्यात फाइलमध्ये शेवटचा बदल कुणी केला त्याची नोंद. ‘पीपीटी’ आणि ‘पॉट’ यांची आतली बांधणी जवळपास सारखीच. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं नवी रचना आणली, नावाच्या शेवटी ‘एक्स’ लागला आणि जुनी रचना ‘वारसा’ या सदरात गेली. २००८ मध्ये कंपनीनं जुन्या रचनेचा तपशील जाहीर केला, म्हणून आज इतरांचे प्रोग्रामही अशा फायली उघडू शकतात.

मोफत रूपांतराचा पहिला धडा

आमच्या गावात डीटीपीचं एक जुनं दुकान आहे. लग्नपत्रिका, मय्यतच्या बातम्यांची पत्रकं, शाळेचे अहवाल असं सगळं तिथंच होतं. मला अब्बांच्या व्याख्यानांची एक छोटी पुस्तिका करायची होती. दुकानाचे मालक अजून पेजमेकरवर काम करतात. ते म्हणाले, “सर, स्लाइड मला चित्र करून द्या. टिफ द्या, बीएमपी द्या, पीसीएक्स द्या, काहीही चालेल. पेजमेकर ते घेतं.”

पेजमेकर हाही एक इतिहासच आहे. आल्डस कंपनीनं तो १९८५ मध्ये आणला, १९९४ मध्ये ती कंपनी अडोबीत गेली आणि २००१ मधली सातवी आवृत्ती शेवटची ठरली. तरी महाराष्ट्रातल्या कितीतरी दुकानांत तो अजून चालतो, कारण जुने मराठी फाँट त्याच्याशी जुळलेले आहेत.

मी घरी येऊन इंटरनेटवर शोधलं. ‘पॉट’ फाइल द्या आणि ‘पीसीएक्स’ चित्र घ्या, असं सांगणारी मोफत संकेतस्थळं सापडली. एकावर शेख महंमदांच्या व्याख्यानाची २८ स्लाइडची फाइल चढवली. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. एकच चित्र. पहिली स्लाइड. बाकीच्या २७ कुठं गेल्या याचा उल्लेखही नाही. आणि त्या एका स्लाइडवर तोच शापित मजकूर, आता कायमचा गोठलेला.

दोन्ही गोष्टींचं कारण समजून घ्यायला मला काही आठवडे लागले. पहिली गोष्ट सोपी आहे. पीसीएक्स या प्रकारात एका फाइलमध्ये एकच चित्र मावतं. २८ स्लाइडसाठी २८ फायली लागतात. चांगली व्यवस्था असेल तर त्या एका झिप पेटीत बांधून मिळतात, नसेल तर पहिलं चित्र हातात पडतं आणि आपल्याला वाटतं काम झालं.

दुसरी गोष्ट खोल आहे. ती आपल्या भाषेच्या इतिहासाशी जोडलेली आहे.

अक्षरांचा मुखवटा

१९९० च्या दशकात संगणकावर मराठी लिहिणं म्हणजे एक प्रकारची फसवणूक होती. संगणकाला वाटायचं आपण इंग्रजी ‘के’ किंवा एखादं चिन्ह साठवतोय. फाँट त्या जागी ‘क’ चा अर्धा भाग किंवा वेलांटी दाखवायचा. म्हणजे फाइलमध्ये मराठी नव्हतीच. मराठी होती ती फाँटच्या मुखवट्यात. आणि प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. एकाच्या फाँटमध्ये जिथं ‘म’ तिथं दुसऱ्याच्या फाँटमध्ये रफार.

भारतीय लिपींसाठी एकच सांकेतिक तक्ता असावा म्हणून इस्की नावाचं प्रमाण तयार झालं आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं ते स्वीकारलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीला जागा मिळाली. पण कागदावरचं प्रमाण आणि गावातला संगणक यांत मोठं अंतर होतं. विंडोज २००० मध्ये मंगल फाँटसह देवनागरीची सोय आली, तरी दुकानं आणि शाळा पुढं कित्येक वर्षं जुन्या फाँटवरच राहिल्या. अब्बाही त्यांतलेच.

पॉवरपॉइंटची फाइल सहसा फाँट सोबत घेऊन जात नाही, फक्त त्याचं नाव लिहून ठेवते. ज्या संगणकावर तो फाँट नाही, तिथं दुसरा कुठला तरी फाँट येतो आणि मुखवटा गळून पडतो. ऑनलाइन रूपांतर करणारं यंत्र दूर कुठंतरी असतं. अशा अनेक ठिकाणी आत लिबरऑफिससारखा प्रोग्राम चालतो. तो जर्मनीतल्या स्टारऑफिसचा वंशज. १९९९ मध्ये सन कंपनीनं स्टारऑफिस घेतलं, पुढच्या वर्षी त्याचा कोड सर्वांसाठी खुला केला आणि २०१० मध्ये त्यातून लिबरऑफिस निघालं. तो प्रोग्राम अब्बांची फाइल नीट वाचू शकतो. पण अब्बांनी २५ वर्षांपूर्वी आपल्या तालुक्यात वापरलेला मराठी फाँट त्या यंत्रावर कुठून असणार? त्यानं प्रामाणिकपणे जे दिसलं त्याचं चित्र काढलं.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र वेगळी निघाली. अब्बांच्या स्लाइडमधल्या उर्दू ओळी शाबूत होत्या. एकही नुक्ता हललेला नव्हता. कारण उर्दू त्यांनी इनपेजमध्ये लिहून, तिचं चित्र करून स्लाइडवर चिकटवली होती. पॉवरपॉइंटमध्ये नस्तालीक लिहिता येत नसे, म्हणून ती नाइलाजाची तडजोड. मराठी अक्षर म्हणून ठेवली, ती हरवली. उर्दू चित्र म्हणून ठेवली, ती टिकली.

अक्षर की अक्षराचं चित्र

हा पेच आपल्यासाठी नवा नाही. मुसलमानांच्या छपाईचा इतिहासच या प्रश्नाभोवती फिरतो.

व्हेनिसच्या पागानिनी यांनी १५३७-३८ च्या सुमारास खिळे जुळवून अरबी कुरआन छापला. त्यात अक्षरांच्या आणि खुणांच्या चुका होत्या आणि मुसलमान वाचकांत तो चाललाच नाही. त्याची एक प्रत थेट १९८७ मध्ये व्हेनिसच्या एका मठाच्या ग्रंथालयात सापडली. इस्तंबूलमध्ये इब्राहिम मुतफर्रिका यांना १७२७ मध्ये छापखान्याची परवानगी मिळाली, ती धार्मिक ग्रंथ वगळून. ‘मुसलमानांनी छपाईला विरोध केला’ असं एका वाक्यात उरकलं जातं, पण त्यामागं डोळ्यांचा आणि विश्वासाचाही प्रश्न होता. खिळ्यांनी जुळवलेली अरबी-फारसी लिपी वाचकाला तुटकी दिसायची. नस्तालीकची तर गोष्टच वेगळी. तिच्यात शब्द उतरत्या ओळीत झुकतो आणि एका अक्षराचं रूप आणि उंची पुढच्या अक्षरांवर अवलंबून असते. ती ठरावीक खिळ्यांत बसत नाही.

तोडगा निघाला तो दगडातून. अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात आलॉइस झेनेफेल्डर यांनी शिळाछपाई शोधली. कातिब तेलकट शाईनं कागदावर लिहितो, ते लिखाण दगडावर उतरतं, दगडावरून शेकडो प्रती निघतात. म्हणजे अक्षरं छापली जात नाहीत, लिहिलेल्या पानाचं चित्र छापलं जातं. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्तानात उर्दू-फारसी पुस्तकांनी हाच मार्ग धरला. १८५८ मध्ये लखनौत सुरू झालेल्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्यानं शिळाछापानं अमाप पुस्तकं काढली. एका हिंदू मालकाच्या छापखान्यातून कुरआनच्या प्रती घराघरांत गेल्या, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. आणि हा मार्ग फक्त उर्दूचा नव्हता. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पहिलं छापील मराठी पंचांग काढलं, तेही शिळाछापावरच. खिळे त्यांनी नंतर पाडले.

शिळाछापाचा फायदा म्हणजे कातिबाचा हात जसाच्या तसा उतरतो. तोटा म्हणजे एक शब्द चुकला तर तो बदलणं जिकिरीचं. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकनं हा पेच वेगळ्या तऱ्हेनं सोडवला. त्यांनी हजारो जोडशब्दांचे आकार हातानं लिहून मोनोटाइपच्या यंत्रात भरले. लाहोरच्या ‘जंग’नं ते वापरलं आणि पुढं तीच अक्षरं इनपेजमधून आपल्याकडच्या दुकानांत आली. तीही एका अर्थानं चित्रांचीच पेटी. कातिबाची नोकरी मात्र त्या पेटीनं खाल्ली. अब्बांच्या ओळखीचे एक कातिब नंतर दुकानांच्या पाट्या रंगवायचे.

कोणतं चित्र?

स्लाइडचं चित्रच करायचं ठरलं, तर कोणत्या प्रकारचं, हा पुढचा प्रश्न. जुन्या चित्रप्रकारांची नावं अगम्य वाटतात, पण प्रत्येकामागं एक गरज आहे.

पीसीएक्स हा झेडसॉफ्ट कंपनीच्या पीसी पेंटब्रश या प्रोग्रामचा प्रकार. १९८० च्या दशकात डॉसच्या संगणकांवर तो सर्वत्र होता. विंडोज ३ सोबत आलेला पेंटब्रशही झेडसॉफ्टच्याच कामावर बेतलेला. त्याची युक्ती साधी आहे. एका ओळीत तोच रंग सलग आला तर प्रत्येक ठिपका लिहायचा नाही, ‘हा रंग इतक्या वेळा’ असं लिहायचं. एका दमात जास्तीत जास्त ६३. समजा २५६ रंगांच्या चित्रात ६४० ठिपक्यांची ओळ पूर्ण पांढरी आहे. साधी साठवली तर ६४० बाइट लागतात. पीसीएक्समध्ये ६३ चे दहा गट आणि १० चा एक, असे अकरा गट, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे फक्त २२ बाइट. पांढऱ्या कागदावरच्या मजकुराला हे उत्तम. फोटोत मात्र शेजारचे दोन ठिपके क्वचितच सारखे असतात, तिथं ही युक्ती फसते आणि फाइल कधी कधी उलट फुगते.

बीएमपी हा विंडोजचा घरचा प्रकार, बहुतेक वेळा काहीच न आवळता साठवणारा. १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांची एक पूर्ण रंगीत स्लाइड सुमारे साडेतेवीस लाख बाइट घेते. तेव्हाच्या १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीत एकही मावली नसती. जिफ हा कॉम्प्युसर्व्हचा १९८७ चा प्रकार. आवळतो छान, पण रंग २५६ च, त्यामुळे फोटोतल्या आकाशावर पट्टे उमटतात. त्याच्या आवळण्याच्या पद्धतीवर युनिसिसचं पेटंट होतं. त्या वादातून पीएनजी जन्मला, १९९६ मध्ये. टिफ आल्डसचा, १९८६ चा, मुळात स्कॅनरसाठी. त्यात रंग पूर्ण राहतात, काही गमावलं जात नाही आणि एका फाइलमध्ये अनेक पानंही ठेवता येतात. छापखान्यासाठी मला हाच बरा वाटला.

एका प्रकारापासून मात्र सावध राहावं. विंडोज मेटाफाइल, म्हणजे डब्ल्यूएमएफ. नावाला तो चित्राचा प्रकार आहे, पण आत ठिपके नसून आज्ञा असतात. इथून इथपर्यंत रेघ ओढा, या फाँटमध्ये ही अक्षरं लिहा. म्हणजे फाँट नसेल तर मुखवटा पुन्हा गळणार. मी दोन स्लाइड अशा करून पाहिल्या. माझ्या संगणकावर काहीच सुधारलं नाही.

अमानत

यादरम्यान माझ्याकडून एक मोठी चूक होता होता राहिली. सगळ्या ३४ फायली एकदम चढवून टाकाव्यात म्हणून मी त्या निवडल्या होत्या. बटण दाबण्याआधी नावं वाचली. एकीवर ‘जकात २००२’ असं होतं. अब्बा तेव्हा मोहल्ल्याच्या समितीचा हिशेब बघायचे. त्या फाइलमध्ये काय असेल याची कल्पना आली आणि मी हात मागं घेतला. नंतर ती घरीच उघडली. गरजू विधवा, अनाथ मुलं, कुणाला किती रक्कम दिली. आकडे वाचता येत होते, नावं बिघडलेली. पण फाँट मिळाला की तीही वाचता येणार होती.

ऑनलाइन रूपांतर म्हणजे आपली फाइल दुसऱ्याच्या यंत्रावर जाणं. काही तासांत पुसतो असं लिहिलेलं असतं. ते पाळलं जातं का, हे तपासायला आपण तिथं नसतो. शेख महंमदांवरची स्लाइड बाहेर गेली तर नुकसान नाही, उलट बरंच. पण ज्या बाईनं दिव्याच्या उजेडात, कुणी पाहत नाही ना हे बघून आमच्या दारात येऊन मदत घेतली, तिचं नाव अमानत आहे. सूरह बकराची सर्वांत लांब आयत देण्याघेण्याचं लिखाण करायला सांगते, लिहिणारा न्यायानं लिहो असंही सांगते. लिहिणं हे जसं कर्तव्य, तसं लिहिलेलं राखणं हेही. मी ती फाइल आजही कुठंच चढवलेली नाही.

चित्रात न आलेलं

शेवटी काम झालं ते त्या डीटीपीच्या दुकानात. मालकांकडे कोपऱ्यात एक जुना विंडोज एक्सपीचा संगणक होता, इंटरनेट नसलेला, आणि त्यावर अब्बांचाच फाँट. सीडी घातली, फाइल उघडली आणि पडद्यावर मराठी उमटली. ‘श्रीगोंद्याचे शेख महंमद’. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती म्हणून मी चेहरा दुसरीकडे वळवला.

प्रत्येक फाइल ‘सेव्ह ॲज’ करून टिफ केली. ‘सर्व स्लाइड’ हा पर्याय निवडला की पॉवरपॉइंट स्वतःच एक फोल्डर करून त्यात एकेक चित्र ठेवतो. दोन दुपारी गेल्या. मला वाटलं, संपलं.

तेव्हा मालक म्हणाले, “सर, याच्या खाली नोट्स आहेत. त्या चित्रात येत नसतात.” प्रत्येक स्लाइडच्या खाली बोलणाऱ्यासाठी टिपणाची जागा असते. प्रेक्षकांना ती दिसत नाही. अब्बांनी तिथं लिहून ठेवलं होतं, कोणती गोष्ट कुठून मिळाली. कोणत्या पुस्तकाचं कोणतं पान. कोणत्या गावच्या कोणत्या बुजुर्गानं सांगितलं आणि त्यांनी ते कुणाकडून ऐकलं. हदीसच्या परंपरेत ज्याला इस्नाद म्हणतात, सांगणाऱ्यांची साखळी, तीच ही. मजकूर वर आणि सनद खाली. चित्र करताना मजकूर आला असता आणि सनद गळून पडली असती. मग इतिहास उरला नसता, उरल्या असत्या हिरव्या पार्श्वभूमीवरच्या गोष्टी.

आणखी एक गोष्ट. तालुक्यातल्या वास्तूंच्या व्याख्यानात एका कबरीच्या फारसी शिलालेखाचा फोटो होता. खाली अब्बांनी ‘अंदाजे अठरावं शतक’ असं लिहिलेलं. ती कबर आता नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा गेली. स्लाइडवर फोटोचा मधला भागच दिसत होता. पॉवरपॉइंटमध्ये फोटो कापला तरी, मुद्दाम ‘कॉम्प्रेस’ केलं नसेल तर कापलेला भाग फाइलमध्येच दडून राहतो, फक्त दिसत नाही. मालकांनी चित्र मूळ स्थितीत आणण्याचं बटण दाबलं आणि फोटो खालून उलगडला. सावलीत गेलेली शेवटची ओळ, आणि तिच्या शेवटी आकडे. हिजरी ११४२. म्हणजे इसवी १७२९-३०. अब्बांनी बहुधा सावली वाईट दिसते म्हणून तेवढा भाग कापला असावा. त्यांच्या ‘अंदाजे’ला उत्तर त्यांच्याच फाइलमध्ये २० वर्षं पडून होतं. मी टिफ करून मूळ सीडी फेकली असती, तर ते सन कायमचं गेलं असतं.

म्हणून आता माझ्याकडे प्रत्येक व्याख्यानाची तीन रूपं आहेत. एक, मूळ ‘पॉट’ फाइल, जशी आहे तशी, दोन वेगवेगळ्या ठिकाणी. दोन, चित्रं, म्हणजे अब्बांनी मांडलेलं पान कसं दिसत होतं त्याची साक्ष. तीन, युनिकोडमध्ये उतरवलेला मजकूर आणि नोट्स, म्हणजे शोधता यावं, दुरुस्त करता यावं, फोनवर वाचता यावं. त्या दुकानातल्या फाँट बदलणाऱ्या प्रोग्रामनं बरंच काम केलं, जोडाक्षरं आणि रफार मी हातानं नीट केले. अजून सात व्याख्यानं बाकी आहेत.

आपल्या मोहल्ल्यांत अशा सीड्या, फ्लॉप्या आणि बंद पडलेले संगणक कितीतरी घरांत असतील. मुशायऱ्यांची निमंत्रणं, मदरशांचे हिशेब, वक्फच्या जमिनींचे जुने नकाशे, गावच्या कब्रस्तानाची यादी. आपला इतिहास दुसऱ्यांनी लिहिला अशी तक्रार आपण सतत करतो, आणि ती खोटी नाही. पण आपल्याच वडिलांनी लिहिलेला आपण भंगारात घालत असू, तर त्या तक्रारीचा अर्धा भाग आपल्या नावावर जमा होतो. फाइल उघडत नसेल तर घाई करू नका. आधी नावं वाचा, त्यात कुणाची अमानत आहे का बघा. जुना फाँट असलेलं दुकान शोधा, ती दुकानं आता फार दिवस राहणार नाहीत. चित्र जरूर करा, पण मूळ ठेवा.

पुस्तिका छापून आली तेव्हा पहिली प्रत अम्मीला दिली. तिला मराठी वाचता येत नाही. तिनं उर्दू ओळींचं पान उघडलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “ये तो वैसा का वैसा है.”